राब, काळी माती आणि जूनचा पाऊस

१८८५ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलांविषयीच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक आयोग नेमला. तक्रारी पुष्कळ होत्या, पण शेतकऱ्यांच्या तोंडी एक पुन्हा पुन्हा येत होती. राबासाठी, म्हणजे रोपे टाकायची जागा भाजण्यासाठी, झाडांचे टहाळ तोडू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत चालली होती आणि टहाळ तोडणे गुन्ह्यात बसू लागले होते. ठाणे जिल्ह्यातला मोखाडा तेव्हा शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे उपविभाग होता, आणि ब्रिटिश हद्दीत होता. शेजारचे जव्हार मुकणे घराण्याच्या संस्थानात होते. त्यामुळे एकाच डोंगररांगेच्या एका बाजूला इंग्रजी कायदा चाले आणि दुसऱ्या बाजूला दरबारचा हुकूम. राब मात्र दोन्हीकडे भाजला जाई.

राबाची रीत आजही फारशी बदललेली नाही. भाताचे किंवा नागलीचे रोप जिथे टाकायचे, ती जागा उन्हाळ्यातच ठरते. तिच्यावर शेणाचा थर, त्यावर ऐनासारख्या झाडांचे टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. उन्हाने हे सारे कडकडीत वाळले की वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून पेटवायचे. अशाने आग वाऱ्याच्या उलट दिशेने हळूहळू सरकते. वरच्या मातीमुळे भडका उठत नाही. आग आतल्या आत धुमसत राहते आणि धग जमिनीत उतरते.

वनखात्याचे अधिकारी याकडे खताचा प्रकार म्हणून पाहत. राख हेच जर खत असेल, तर तेवढे खत शेणातून देता येईल, झाडांना का ओरबाडायचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेतकऱ्यांचे उत्तर वेगळ्याच वाटेने जाई. भाजलेल्या वाफ्यात तण उगवत नाही आणि रोप जोमाने येते, असे ते सांगत. शिवाय आवणीच्या, म्हणजे रोप लावणीच्या वेळी ते मुळांसकट अलगद निघते. न भाजलेली माती पाऊस पडला की चिकटून बसते आणि मुळे तुटतात. आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये आला, वाद पुढेही चालू राहिला. पण या उत्तरातला शेवटचा भाग त्या काळी कोणी पुरेसा गंभीरपणे घेतला नाही. शेतकरी खताइतकाच मातीच्या स्वभावाबद्दल बोलत होता. पाऊस पडल्यावर ही माती कशी वागते आणि धग लागल्यावर तिचे ते वागणे कसे बदलते, हे तो सांगत होता.

पंचवीस वर्षांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर पश्चिम भारतातल्या राब पद्धतीचा अभ्यास केला आणि १९१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. राखेतून मिळणाऱ्या खताने राबाचा सगळा परिणाम समजत नाही, मातीला बसणारी धग स्वतंत्रपणे काम करते, असे त्यातून पुढे आले. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन हेही तापवलेल्या मातीत पीक का सुधारते याच्या मागे होते. शेतकऱ्यांनी आयोगापुढे मांडलेली गोष्ट आणि रोथॅमस्टेडचा प्रश्न एकाच जागी येऊन मिळाला होता.

या मातीत असे काय आहे?

जव्हार आणि मोखाडा दोन्ही तालुके दख्खनच्या बेसॉल्टवर वसले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यांचा हा खडक. टेकड्यांच्या माथ्यावर आणि उतारावर तो झिजून तांबडी, मुरमाड, पातळ माती होते. हीच वरकस जमीन, नागली, वरई, उडीद आणि खुरासणीची. पाणी इथे थांबत नाही. ते खडकातला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेते. मागे राहते ते लोह आणि केओलिनाइट नावाचे खनिज, जे भिजले तरी फारसे फुगत नाही. डोंगराच्या पायथ्याशी, ओहोळाच्या कडेला, दोन टेकाडांच्या मधल्या खळग्यात मात्र वरून धुऊन आलेली द्रव्ये साठतात. तिथे माती काळपट होते आणि तिच्यात स्मेक्टाइट जातीची खनिजे तयार होतात. वहीच्या पानांसारखे एकावर एक सूक्ष्म पापुद्रे, अशी त्यांची रचना असते. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात. कोट्यवधी पापुद्रे असे सरले की जमीन वर उचलली जाते. भाताची खाचरे बहुतेक अशाच सखल जागी आहेत.

इतक्या धो धो पावसात अशी काळी माती टिकतेच कशी, हा भूशास्त्रज्ञांना बराच काळ पडलेला प्रश्न होता. नियमाप्रमाणे सह्याद्रीच्या पावसाने ही खनिजे कधीच धुऊन बदलून टाकायला हवी होती. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतले तपस भट्टाचार्य, डी. के. पाल आणि एस. बी. देशपांडे यांनी १९९३ मध्ये पश्चिम घाटातल्या तांबड्या आणि काळ्या मातीवर निबंध लिहिला. बेसॉल्टच्या पोकळ्यांत असणारे झिओलाइट हे स्फटिक झिजताना मातीला सतत चुना पुरवत राहतात, म्हणून दमट हवेतही स्मेक्टाइट तग धरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. भट्टाचार्य पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कोकणात फुगणारी माती नसतेच, ती विदर्भ-मराठवाड्याची डोकेदुखी, असे जे सर्रास मानले जाते, त्याला हा निबंध चांगलाच छेद देतो.

जव्हारला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. सोलापूरला सातशेच्या आसपास. आकडे शेजारी ठेवले की वाटते, जव्हारची काळी माती सोलापूरच्या साडेतीनपट फुगत असेल. तसे होत नाही आणि त्याचे कारण या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे.

मेअखेर काळ्या खाचरात भेगा पडलेल्या असतात, कधी हात आत जाईल इतक्या रुंद. पहिला जोराचा पाऊस जमिनीच्या वरच्या थरातून झिरपत बसत नाही. तो सरळ भेगांतून खाली जातो आणि माती तळातून व बाजूंनी भिजवतो. सुरुवातीची बरीचशी फुगण भेगा मिटवण्यातच खर्च होते. आडवी जागा संपली की माती वर सरकू लागते. भेगा पुरत्या मिटल्या की दार बंद होते. मग त्या चिकण थरातून तासाला काही मिलिमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी पाणी आत जाते आणि बाकीचे वाहून जाते. साधा हिशेब करून पाहता येतो. एक मीटर जाडीच्या मातीत तिच्या आकारमानाच्या पाव भाग इतके नवे पाणी मावले, तर त्याला २५० मिलिमीटर पाऊस पुरतो. जव्हारच्या वर्षभराच्या पावसाचा तो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे जमीन हलवणारा पाऊस जूनमध्येच, फार तर जुलैच्या सुरुवातीला पडून गेलेला असतो. श्रावणातल्या झडीला माती फुगवण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

शेतकऱ्याची सगळी घाई याच काही दिवसांची असते. रोहिणी आणि मृग या नक्षत्रांवर त्याचे लक्ष असते ते यामुळेच. राब पावसाआधी भाजून झालेला हवा, पेरणी धुळीत किंवा पहिल्या सरींवर झालेली हवी. वाफसा आला की नांगर घालायचा, कारण भेगा मिटून माती चिकट झाली की नांगर चालत नाही. मग चिखलणी. चिखलणीत शेतकरी मातीची घडण मुद्दाम मोडतो, म्हणजे खाली पाणी जाण्याची उरलीसुरली वाट बंद होते आणि खाचरात पाणी उभे राहते. माळावरच्या आणि खाचरातल्या जमिनीला पाऊस कधी किती लागतो, याचा हा पिढ्यान्‌पिढ्या घासून घेतलेला अंदाज आहे. त्याला कोणी गणित म्हटले नाही, पण काम गणिताचेच होते.

राबाची धग या हिशेबात नेमकी बसते. चिकणमाती खूप तापली की तिच्या पापुद्र्यांमधले पाणी निघून जाते. आच पुरेशी असली तर तिचा चिकटपणा आणि फुगण्याची ताकद काही अंशी कायमची कमी होते. ती रवाळ होते. अर्थात राबाची आच वरच्या काही बोटे मातीपुरती असते, खाली तिचा परिणाम जात नाही. पण रोपाची मुळे त्याच बोटांत असतात. या पद्धतीची किंमतही खरी आहे. टहाळ तोडून तोडून झाडे खुरटतात, मातीतले सेंद्रिय द्रव्य जळते. वनखात्याची चिंता खोटी नव्हती. चूक इतकीच झाली, की त्या काळी राबाचे मोजमाप मुख्यतः खताच्या मापाने केले गेले आणि कारण न समजून घेताच बंदीची भाषा सुरू झाली.

माणसांच्या ये-जा करण्यावरही याच मातीने बंधने घातली. जानेवारी १६६४ मधल्या सुरतेच्या स्वारीवर शिवाजी महाराज निघाले तेव्हा जव्हारजवळ शिरपामाळावर त्यांचा मुक्काम झाला, असे इथे सांगतात. तो माळ आजही दाखवला जातो. स्वाऱ्या दसऱ्यानंतर निघत याला अनेक कारणे होती, पण पावसाळ्यात काळ्या चिखलातून घोडदळ आणि ओझ्याची जनावरे नेणे अशक्य होते, हे त्यातले एक मोठे कारण. जानेवारीत माती घट्ट झालेली असते, ओहोळ उतरलेले असतात आणि माळावर मुरुमाची कोरडी जमीन मुक्कामाला मिळते.

वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी वस्त्यांचे पाडेही बहुधा टेपावर किंवा माळावर असतात, खाचरे खाली. सखल जागी पाणी साचते, भातजमीन मोलाची असते, ही कारणे आहेतच. पण त्याचा एक फायदा असा झाला, की घरे फुगणाऱ्या मातीपासून दूर, मुरुमावर उभी राहिली. जुने घर लाकडी मेढींवर तोललेले असते. भिंत कारवीच्या कुडाची, वर शेणमातीचा लेप. छपराचा भार मेढींवर जातो, कूड नुसता आडोसा असतो. जमीन दोन बोटे हलली तरी कूड वाकतो, लेपाला भेग पडते आणि सणाला सारवताना ती बुजते. पक्क्या विटांच्या भिंतीला हे जमत नाही. ती वाकत नाही, तुटते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चिरत जाणारी भेग ही फुगणाऱ्या मातीची ओळखीची खूण आहे. एकमजली हलक्या घराला ती अधिक पडते, कारण घराच्या वजनापेक्षा मातीचा वर येणारा दाब जास्त ठरतो. शिवाय घराखालची माती सावलीत राहून ओलसर असते, कडेची मात्र उन्हाळ्यात आकसते आणि जूनमध्ये फुगते. म्हणून भिंत वर्षातून दोनदा ओढली जाते.

अभियंत्यांच्या हे उशिरा लक्षात आले. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनने १९३८ मध्ये ओरेगॉन राज्यातल्या ओवायही प्रकल्पावर नळाच्या पायाखालची माती फुगत असल्याचे ओळखले. या विषयाच्या पुस्तकांत पहिली नोंद म्हणून बहुधा तिचाच उल्लेख होतो. त्याआधी सात वर्षे, १९३१ मध्ये, लॉरेन्झो रिचर्ड्स यांनी अर्धवट भिजलेल्या मातीतून पाणी कसे सरकते याचे समीकरण मांडले होते. पावसाचे पाणी खाली किती गेले, हे मोजण्याचा पाया आजही तेच आहे. पण त्यात माती जागची हलत नाही असे गृहीत धरलेले असते. फुगणाऱ्या मातीत तर पाणी शिरताच माती स्वतःच सरकते. ही अडचण ऑस्ट्रेलियाच्या जॉन फिलिप यांनी १९६९ च्या सुमारास गणितात आणली. पुढे मातीतल्या ओढीचा, म्हणजे कोरडी माती पाण्याला किती जोराने खेचते याचा, आणि फुगण्याचा संबंध मांडणारी प्रतिमाने आली. आजचे संगणक आधी पावसातून वाहून जाणारे आणि बाष्प होणारे पाणी वजा करतात, उरलेले पाणी थराथराने खाली नेतात, प्रत्येक थराची ओढ किती कमी झाली ते पाहतात आणि थरांची फुगण जोडून जमीन किती वर येईल ते सांगतात. भेगा हा त्यातला सर्वांत अवघड भाग आहे. भेगांतून किती पाणी थेट खाली गेले, हे चुकले तर बाकी सगळे बरोबर असून उत्तर चुकते.

महाराष्ट्रात या कामाची स्वतंत्र परंपरा आहे. राबाच्या अभ्यासातले कानिटकर पुढे १९३३ मध्ये सुरू झालेल्या सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधनाशी जोडले गेले. काळ्या जमिनीत पाऊस किती मुरतो, किती वाहतो, ओल किती दिवस टिकते, याची मोजमापे तिथे वर्षानुवर्षे झाली. १९४४ मध्ये त्यांचा भारतातल्या कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्याने तरुणपणी भाजलेल्या मातीचा अभ्यास केला, त्यानेच पुढे न भाजलेल्या काळ्या मातीतला पाऊस मोजला. मराठी वैज्ञानिकांच्या इतिहासात हे नाव जितके ओळखीचे असायला हवे, तितके नाही.

दुसरे नाव मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांचे अस्तर दरसाल उखडत होते. कट्टींनी मोठ्या टाक्यांत काळी माती भरून, ती भिजवून, प्रत्येक खोलीवर ती किती हलते ते पाहिले. सुमारे एक मीटरच्या खाली माती भिजूनही जवळपास स्थिर राहते, असे त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी उपाय काढला. वरच्या फुगणाऱ्या थराच्या जागी चिकटून राहणारी पण न फुगणारी माती घालायची. आपल्याकडचा चांगला मुरूम बहुधा या कसोटीला उतरतो. १९७८ च्या भारतीय भूतंत्र संस्थेच्या पहिल्या वार्षिक व्याख्यानात त्यांनी हा सगळा शोध मांडला आणि कालव्यांच्या भारतीय मानकात तो आला. पाड्यातले घर मुरुमाच्या जोत्यावर उभे करणाऱ्या गवंड्याला हा उपाय परका वाटणार नाही.

जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, १ ऑगस्ट २०१४ रोजी दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आले. इथल्या वैतरणा नदीवर मुंबईसाठी धरणे झाली. १९५७ मधले मोडकसागर, मग ऊर्ध्व वैतरणा, आणि अलीकडे मोखाड्यातले मध्य वैतरणा. जुलैत भरून वाहणाऱ्या या मुलखात मेमध्ये पाड्यांवर टँकर येतात. पातळ मुरमाड उतारावर पाणी टिकत नाही आणि सखल काळ्या जमिनीने भेगा मिटताच पाणी आत घेणे थांबवलेले असते, हेही त्याचे एक कारण आहे. पाणी नदीला मिळते आणि नदी धरणांना.

आता इथे घरकुले, आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्रे, रस्ते होत आहेत. जागेची टंचाई असली की पक्की इमारत माळ सोडून खाचराच्या कडेला येते. महसूल मंडळांच्या पातळीवर आता स्वयंचलित पर्जन्यमापके आहेत, म्हणजे पावसाचा आकडा मिळू शकतो. मातीचा आकडा मात्र प्रत्येक जागेचा वेगळा काढावा लागतो आणि तो काढायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. भारतीय मानकाप्रमाणे ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती शंभर मिलिलिटरच्या दोन नळ्यांत घ्यायची. एका नळीत रॉकेल ओतायचे, दुसरीत शुद्ध पाणी, आणि दोन्ही २४ तास ठेवायच्या. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या निम्म्याहून अधिक निघाला, तर ती माती अतिशय फुगणारी समजतात. मग तिथे पाया मुरुमाच्या थरावर घ्यायचा, नाहीतर काळ्या थरातून खाली स्थिर जमिनीपर्यंत न्यायचा. जव्हार आणि मोखाड्याच्या पंचायत समित्यांनी प्रत्येक सरकारी इमारतीची जागा पक्की करण्याआधी ही चाचणी सक्तीची करावी. आणि जागा पाहायला मेच्या शेवटच्या आठवड्यात जावे, भेगा उघड्या असताना, गावातल्या जुन्या शेतकऱ्याला बरोबर घेऊन.